फिनलंडचा बर्फ आणि घोटावडे फाटा : टर्बो सेडानचा एक इतिहास

मार्च २०२१. एकाच महिन्यात भारतीय बाजारात तीन जर्मन गाड्या दाखल झाल्या : बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्ह, ऑडी एस५ स्पोर्टबॅक आणि मर्सिडीज-एएमजी ए३५ ४मॅटिक. तिन्ही पेट्रोलच्या, तिन्हींच्या इंजिनावर टर्बोचार्जर आणि तिन्हींची शक्ती चारही चाकांकडे जाणारी. पहिली चेन्नईत जोडलेली, दुसरी आयात केलेली आणि तिसरी पुण्याच्या उंबरठ्यावर, चाकणच्या कारखान्यात जोडलेली.

चाकणहून हिंजवडी आणि माण ओलांडून पुढे आले की मुळशी तालुक्यातले घोटावडे लागते. दुसऱ्या बाजूने यायचे तर पुणे-पौड रस्त्यावर पिरंगुटजवळ घोटावडे फाटा आहे. एकीकडे संगणकनगरी, दुसरीकडे ताम्हिणीच्या पावसाकडे जाणारा रस्ता आणि मध्ये भातखाचरे. नव्या असताना पन्नास-साठ लाखांच्या पुढे असलेली अशी गाडी काही वर्षांनी दुसऱ्या मालकाच्या हाती येते, तेव्हा तिची खरी परीक्षा अशाच रस्त्यांवर होते. ही गाडी मुळात जन्माला का आली, हे त्या परीक्षेपूर्वी समजून घ्यायला हवे. कारण तिचे बहुतेक गुण आणि जवळजवळ सगळे दोष तिच्या जन्मकथेत आहेत.

चारही चाकांना शक्ती देणे ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली आणि पुढची कित्येक दशके वनखाते, पाटबंधारे, पोलीस यांच्या दिमतीला ती राबली. पण जीपची चारचाकी ओढ गरजेपुरती होती. चिखलात दांडा ओढून ती जोडायची आणि डांबरी रस्ता आला की सोडवायची. कारण साधे आहे. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापतात. पुढचा-मागचा आस घट्ट जोडलेला असेल, तर हा फरक कुठेतरी जिरावा लागतो. चिखलात चाक घसरून तो जिरवते. कोरड्या डांबरावर मात्र सगळा ताण आसांवर आणि दातेरी चक्रांवर येतो.

टर्बोची कथा आणखी जुनी. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त धुराने एक पंखा फिरवायचा आणि त्याच आसावरच्या दुसऱ्या पंख्याने इंजिनात जास्त हवा कोंबायची. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येते, म्हणजे लहान इंजिनातून मोठी ताकद. जहाजे, आगगाड्या, विमाने, मालमोटारी असा प्रवास करत टर्बो प्रवासी मोटारीत आला.

या दोन धाग्यांची गाठ बसली ती फिनलंडच्या बर्फात. १९७६-७७ च्या हिवाळ्यात ऑडीचे अभियंते तेथे चाचण्या घेत होते. सोबत फोक्सवॅगनची ‘इल्टिस’ नावाची लष्करी गाडी होती : उंच, बोजड, अवघ्या ७५ अश्वशक्तीची. तिच्यापेक्षा कितीतरी ताकदवान असलेल्या पुढच्या चाकांच्या ऑडी बर्फावर चाके फिरवत राहत आणि ही ठोकळ्यासारखी गाडी निघून जाई. यॉर्ग बेन्सिंगर या अभियंत्याने ही गोष्ट मनात धरली आणि फर्डिनांड पीएख यांच्यापुढे प्रस्ताव मांडला : हीच यंत्रणा एखाद्या वेगवान मोटारीत बसवली तर?

जानेवारी १९७८ मध्ये ऑस्ट्रियातील टुराखर ह्योए या घाटाची खडी चढण प्रायोगिक गाडीने साध्या उन्हाळी टायरांवर पार केली. वरिष्ठ खूश झाले. यानंतरचा प्रसंग मात्र अधिक महत्त्वाचा आहे, आणि गौरवकथांत तो बहुधा एका वाक्यात उरकला जातो. गाडी व्हिएन्नात एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पत्नीला चालवायला दिली गेली. शहरात, पार्किंगच्या अरुंद वळणांवर गाडी उड्या मारते, अशी त्यांची तक्रार आली. ही जीपचीच जुनी व्याधी. घाट चढणाऱ्या अभियंत्यांना जे जाणवले नाही, ते बाजारहाट करणाऱ्या चालिकेला जाणवले. उपाय एकच होता : पुढच्या आणि मागच्या आसांच्या दरम्यान आणखी एक डिफरन्शियल. त्यासाठी गिअरबॉक्समधला एक दंड पोकळ करून त्यातून शक्ती पुढे नेण्याची सुबक युक्ती सापडली, आणि चारचाकी ओढ नेहमीसाठी, डांबरावरही चालू ठेवता येणारी, हलकी गाडी शक्य झाली.

मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘क्वाट्रो’ प्रकट झाली : पाच सिलिंडर, टर्बो, २०० अश्वशक्ती. त्याच वर्षी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमियर पद्मिनी बाहेर पडत होती, सुमारे चाळीस अश्वशक्तीची, आणि तिच्यासाठीही लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. त्याच १९८० साली मुंबईच्या नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने हिमालयन रॅलीची सुरुवात झाली. वेगाचे वेड येथेही होते; नव्हती ती यंत्रे.

पुढची सहा वर्षे रॅलीच्या जगात उलथापालथीची गेली. १९८१ मध्ये मिशेल मूतों हिने क्वाट्रोतून सान रेमोची रॅली जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेची फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री. १९८२ आणि १९८४ चे उत्पादकांचे विजेतेपद ऑडीकडे गेले. ‘ग्रुप बी’ या मोकाट नियमावलीत गाड्या इतक्या बेफाम झाल्या, की १९८६ मध्ये पोर्तुगालमध्ये प्रेक्षक दगावले आणि मे महिन्यात कॉर्सिकात हेन्री तोइव्होनेन आपल्या सहचालकासह मृत्युमुखी पडला. त्या वर्षअखेरीस ग्रुप बी बंद झाला.

आणि येथेच या कथेला खरे वळण मिळते. १९८७ पासून अव्वल स्पर्धा ‘ग्रुप ए’ नियमांवर आली. अट अशी की जी गाडी रॅलीत उतरवायची, तिच्या हजारो प्रती सामान्य ग्राहकांसाठी बनवल्या पाहिजेत. आधी वर्षाला ५,०००, पुढे २,५००. मग रॅली जिंकू इच्छिणाऱ्या कंपनीला नाइलाजाने घरगुती चार दारांच्या गाडीत टर्बो आणि चारचाकी ओढ बसवून ती विकावी लागली. १९९२ मध्ये मित्सुबिशी लान्सर इव्होल्युशन आणि सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स आल्या त्या याच दडपणातून. शाळेत मुलांना सोडणारी आणि रॅलीच्या पायवाटा तुडवणारी गाडी एकच, हा चमत्कार बाजारपेठेने मागितला नव्हता. तो नियमपुस्तिकेच्या एका कलमाने घडवला. मोटारींच्या इतिहासात कलमांचा वाटा इंजिनांइतकाच मोठा असतो, हे रसिकांना सहसा रुचत नाही.

१९९६ ते १९९९ सलग चार वर्षे टॉमी मॅकिनेन लान्सरमधून जगज्जेता ठरला. नेमक्या त्याच काळात, १९९८ मध्ये, हिंदुस्तान मोटर्सने भारतात लान्सर आणली. तोंडवळा तोच, पोटात मात्र दीड लिटरचे शांत इंजिन आणि ओढ फक्त पुढच्या चाकांची. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर मागे उंच पंख लावलेल्या लान्सर दिसू लागल्या, त्या या दुराव्याची भरपाई होत्या. खरी इव्हो अधिकृतपणे भारतात आली ती २०१० मध्ये, तीही आयात होऊन सुमारे पन्नास लाखांना. त्या किमतीत ती घेणारे बोटांवर मोजण्याइतके.

सेकंडहँड गाडी परदेशातून आणावी, तर तिथेही दार किलकिलेच. भारताच्या आयात धोरणानुसार वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको, उजव्या हाताचे स्टिअरिंग हवे, आणि ती उतरणार फक्त मुंबई बंदरात. वरून जबर सीमाशुल्क. परिणामी जपानमध्ये जी इव्हो तरुण मेकॅनिकच्या आवाक्यात होती, ती महाराष्ट्रात केवळ भिंतीवरच्या चित्रात राहिली.

मराठी मुलखात टर्बोची चटक लावली ती श्कोडाने. २००१ मध्ये औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याला तिचे काम सुरू झाले आणि २००४ च्या सुमारास ऑक्टाव्हिया व्हीआरएस आली, १.८ लिटर टर्बो-पेट्रोल. पुढे २०१७ ची आरएस२३०, २०२० ची आरएस२४५. ही शेवटची भारतासाठी अवघ्या दोनशे. सगळ्या पुढच्या चाकांच्याच, तरी आजही जुन्या आरएसचे नाव काढले की पुण्यातल्या गॅरेजात गप्पा रंगतात. शेंद्र्याच्याच कारखान्यात २००७ पासून ऑडीची ए६ आणि पुढे ए४ जोडली जाऊ लागली. त्यांतल्या क्वाट्रो सेडान म्हणजे फिनलंडच्या बर्फातली कल्पना मराठवाड्याच्या उन्हात उतरण्याचा पहिला मोठा टप्पा. राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी आली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि ‘दिल्ली पासिंग’च्या अशा गाड्यांना इतर राज्यांत गिऱ्हाईक शोधणे भाग पडले.

आता पुन्हा मार्च २०२१ कडे. ए३५ ची किंमत सुमारे ५६ लाख, एम३४०आयची सुमारे ६३ लाख. ३०६ आणि ३८७ अश्वशक्ती. वर वीस लाखांपुढच्या पेट्रोल गाडीवरचा महाराष्ट्राचा १३ टक्के एकरकमी कर. नव्या गाडीचा ग्राहक हे सगळे सोसतो. दुसऱ्या मालकाला राज्यातलीच गाडी घेतली तर तो कर पुन्हा भरावा लागत नाही. दुसऱ्या मालकाचा फायदा हा, असा. त्याच्या वाट्याला येणारा तोटाही याच गाडीत दडलेला असतो.

घोटावड्याचा रस्ता घ्या. पिरंगुटच्या कारखान्यांचे ट्रक, कासारसाईच्या संत तुकाराम कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर, हिंजवडीहून सुटलेल्या दुचाकी, पांढरा पट्टा नसलेले गतिरोधक. मुळशीचा पाऊस चार महिने. ओल्या वळणातून बाहेर पडताना चारही चाकांची ओढ जे आश्वासन देते, त्याची चटक लागते. आणि फसगत तिथेच होते. चारचाकी ओढ वेग घेताना मदत करते, थांबताना नाही. ब्रेक लावल्यावर ओल्या डांबरावर ही गाडी इतर कोणत्याही गाडीइतकीच घसरते. फरक एवढाच की ती तिथे अधिक वेगाने पोहोचलेली असते. अंधारात दिवे नसलेल्या ट्रॉलीपुढे ३०० अश्वशक्तीचा काही उपयोग नाही.

या भूमीला जमीन जाण्याचा अनुभव जुना आहे. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट आणि मावळे शेतकरी येथेच सत्याग्रहाला उभे राहिले. हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानानंतर जमिनीला भाव आला आणि मोठ्या गाड्याही आल्या. २०१८ चा ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट त्याच उलाढालीवर बेतलेला. त्यामुळे येथे महागडी गाडी ही नुसती हौस राहत नाही. गाव तिच्याकडे हिशेबाच्या नजरेनेही पाहते.

आणि हिशेब असतोच. पहिला, टायरांचा. पैसे वाचवण्यासाठी दोनच टायर बदलण्याची आपल्याकडची रीत साध्या गाडीला चालते. येथे नवे-जुने टायर मिसळले, की चाकांच्या घेरात फरक पडतो, आणि तो फरक दर किलोमीटरला मधला डिफरन्शियल किंवा क्लच जिरवत राहतो. दुसरा, तेलाचा. टर्बोचा आस मिनिटाला लाखभर फेऱ्यांपर्यंत जातो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेलबदल लांबवणारा पहिला मालक पुढच्याच्या गळ्यात मोठा खर्च बांधून जातो. मधल्या क्लचचेही स्वतःचे तेल असते आणि ते बहुतेकांच्या गावी नसते. तिसरा, पेट्रोलचा. टर्बोला उच्च ऑक्टेन मानवते; डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने शंभर ऑक्टेनचे पेट्रोल ज्या पहिल्या दहा शहरांत आणले, त्यांत पुणे होते. पण गावाजवळच्या पंपावर मिळते ते बहुधा वीस टक्के इथेनॉलचे साधे पेट्रोल. उसापासूनच्या त्या इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो हे खरे. मात्र लिटरमागे ऊर्जा कमी मिळते, आणि त्यासाठी न घडवलेल्या जुन्या गाडीचे रबरी पाइप व सील यांचा प्रश्न उरतो.

संगणकीय ‘ट्यून’ करून ताकद वाढवलेली गाडी विकताना पुष्कळदा मूळ रूपात परत आणली जाते. झिजलेला क्लच मात्र परत आणता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ रचनेत मनमानी बदल केलेल्या वाहनांची नोंदणी अमान्य ठरवली, तेव्हा आरसी बुकातला तपशील आणि प्रत्यक्ष गाडी जुळते का हे पाहणे ओघाने आले. परराज्यातली गाडी असेल तर नाहरकतीचा अठ्ठावीस नंबरचा फॉर्म, हस्तांतरणाचे एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म.

कागद तपासून झाले की जाणते मेकॅनिक आणखी एक गोष्ट करतात. वेगाची नाही. मोकळ्या मैदानात इंजिन गरम झाल्यावर स्टिअरिंग पूर्ण वळवायचे आणि गाडी अगदी सावकाश गोल फिरवायची, आधी डावीकडे, मग उजवीकडे. ती पाण्यासारखी फिरली तर ठीक. अडखळली, हिसके देऊ लागली, तर मधली यंत्रणा जखडते आहे असे समजायचे : १९७८ साली व्हिएन्नाच्या पार्किंगमध्ये त्या बाईंच्या हाताखाली गाडीने मारल्या होत्या, त्याच त्या उड्या.