सीरमाचे गूढ आणि पेशींची वाढ

शरीरात असताना पेशी एकाकी नसते. रक्तप्रवाहातून तिला अन्न मिळते, तसे दूरच्या ग्रंथींचे निरोपही मिळतात. तीच पेशी बाहेर काढून काचपात्रात ठेवली, तर ती कशाच्या आधारावर वाढेल? १९०७ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातील मज्जापेशी लसिकेच्या थेंबात ठेवल्या व त्यांतून तंतू वाढताना पाहिले. पेशीसंवर्धनाच्या विद्येचा आरंभ तेथून झाला, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १९५५ मध्ये हॅरी ईगल यांनी पेशींच्या आहाराची यादी ठरविली : ॲमिनो आम्ले, जीवनसत्त्वे, क्षार आणि साखर. परंतु एवढे देऊनही पेशी वाढत ना. त्यात थोडे सीरम मिसळावेच लागे.

सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पिवळसर द्रव. प्रयोगशाळांसाठी तो बहुधा कत्तल झालेल्या गाभण गाईच्या पोटातील वासराच्या रक्तापासून मिळवीत. ही प्रथा आजही पुरती थांबलेली नाही. हे वाचून आपल्या वाचकांस क्लेश होतील, हे स्वाभाविक आहे. शास्त्रज्ञांची अडचण मात्र निराळी होती. त्या द्रवात असंख्य पदार्थ, प्रत्येक खेपेचा गुण वेगळा. मग पेशी नेमकी कशाने वाढली हे सांगावे कोणी?

हे कोडे सोडविण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते गॉर्डन सातो १९२७ साली लॉस एंजेलिस येथे जपानी वंशाच्या कुटुंबात जन्मले. दुसऱ्या महायुद्धात केवळ वंशामुळे त्यांना कॅलिफोर्नियातील मांझानार येथील छावणीत डांबण्यात आले होते. पुढे ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत प्राध्यापक झाले. सीरमाचे मुख्य कार्य अन्न पुरविणे नसून संप्रेरके पुरविणे हे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९७६ मध्ये इझुमी हायाशी यांच्यासह त्यांनी उंदराच्या पोषग्रंथीच्या अर्बुदातील पेशी सीरमावाचून वाढवून दाखविल्या. सीरमाऐवजी त्यांनी थायरॉइड व पॅराथायरॉइड ग्रंथींची संप्रेरके, लोह वाहून नेणारे ट्रान्सफेरिन आणि अन्य काही द्रव्ये योजिली होती. १९७८ मध्ये हेला या प्रसिद्ध मानवी पेशीही अशाच वाढविण्यात आल्या. त्यांना इन्शुलिन व हायड्रोकॉर्टिसोन यांच्या जोडीला वृद्धिघटकांचीही गरज लागली. प्रत्येक जातीच्या पेशीला आपापला वेगळा मेळ हवा असतो, हे त्यावरून ध्यानी आले.

केवळ मेळ पुरत नाही, क्रमही लागतो. १९७४ मध्ये रसेल रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की सीरमातील एक बलवान वृद्धिघटक रक्त गोठताना प्लेटलेटांतून बाहेर पडतो. त्यानंतरच्या काही वर्षांत पेशींना प्रथम थोडा वेळ हा घटक व नंतर न गोठलेल्या रक्तातील द्रव देऊन पाहण्यात आला. तेव्हा त्या विभाजनास सिद्ध झाल्या. क्रम उलटा केला, तर काही साधेना. नांगरट आधी, पेरणी नंतर. नुसत्या नांगरटीने पीक येत नाही आणि न नांगरलेल्या भुईत बी रुजत नाही, तसेच हे. यात शरीराचे मोठे शहाणपण आहे. जेथे जखम होते तेथेच रक्त गोठते, आणि तेथेच पेशींना वाढीची सिद्धता लाभते. कर्करोगाची पेशी या निरोपांची वाट पाहण्याचेच बंधन झुगारीत असते.

आज अनेक औषधे सीरमरहित माध्यमात वाढविलेल्या पेशींपासून तयार होतात. सातो मात्र उत्तरायुष्यात एरिट्रियाच्या समुद्रकिनारी गेले. ओसाड किनाऱ्यावर खारफुटी का वाढत नाही, याचा शोध घेता समुद्राच्या पाण्यात नत्र, स्फुरद आणि लोह यांची उणीव आहे असे त्यांना आढळले. ती भरून काढून त्यांनी तेथील गरीब लोकांच्या साहाय्याने झाडे जगविली, गुरांना चारा मिळवून दिला. काय उणे आहे ते ओळखावे आणि तेवढेच पुरवावे, हीच त्यांची जुनी रीत. २०१७ साली ते निवर्तले. ज्या छावणीत त्यांचे बालपण कोंडले गेले, तिचेच नाव त्यांनी या कार्याला दिले होते : मांझानार.