‘जा, माफ केलं’ची कुळकथा

‘जा, माफ केलं’ असं म्हणणारा माणूस कसली माहिती देत नसतो. म्हणता म्हणता तो काहीतरी करून मोकळा होतो. बोलणं हीच कृती, या विचाराचं श्रेय सहसा ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांना मिळतं. १९५५ साली त्यांनी हार्वर्डला व्याख्यानं दिली, १९६०मध्ये ते गेले आणि त्या व्याख्यानांचं पुस्तक निघालं १९६२मध्ये. जहाजाचं नामकरण, पैज, मृत्युपत्रात भावाला दिलेलं घड्याळ ही त्यांची लाडकी उदाहरणं.

पण या कुळाचा मूळपुरुष शोधायचा तर १९१३पर्यंत मागं जावं लागतं. तत्त्वज्ञ हुसर्ल यांच्या तालमीतल्या आडोल्फ राइनाख यांनी दिवाणी कायद्याच्या पायाविषयी लिहिताना वचन, हुकूम, विनंती यांना ‘सामाजिक कृती’ म्हटलं. अट एकच: समोरच्यानं ऐकलं पाहिजे. न ऐकलेला हुकूम हुकूमच नव्हे. क्षमेला मात्र त्यांनी या पंगतीत बसवलं नाही. क्षमा दुसऱ्यालाच करायची, तरी ती मनातल्या मनात पुरी होते; त्याला पत्ताही लागत नाही. १९१७ साली राइनाख बेल्जियममधल्या लढाईत मारले गेले, अवघ्या ३३व्या वर्षी. पुढची चर्चा बरीच वर्षं त्यांच्यावाचूनच चालली.

बोलून होणाऱ्या कृतींच्या ऑस्टिन यांनी केलेल्या याद्याही पाहण्यासारख्या आहेत. दिलगिरी बसते आभार, सांत्वन, अभिनंदन यांच्या शेजारी. शिक्षेची माफी नेमणूक, बडतर्फी, दंड यांच्या. म्हणजे मागणारा एका कप्प्यात, देणारा दुसऱ्यात! १९९१मध्ये जोराम हेबर यांनी तर ‘मी तुला क्षमा करतो’ या उच्चारालाच क्षमेचा नमुना मानून पुस्तक लिहिलं.

मला राइनाख पटतात. राग शब्दांनी जात नाही. मग शब्द करतात काय? लग्नातल्या मानपानावरून रुसलेले काका ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणतात आणि पुढच्या मुंजीत तेच उकरून काढतात. ‘काका, तो विषय संपला होता ना?’ असं पुतण्यानं विचारलं की अडकतात. राग असेलही, पण तो बोलून दाखवायचा हक्क त्यांनी स्वतःच्या तोंडानं सोडलेला असतो.

सरकारी माफीला ही भानगड नाही. राज्यघटनेच्या ७२व्या कलमानं राष्ट्रपतींना शिक्षा माफ करता येते. पण निर्णय मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं होतो, राष्ट्रपतींच्या मनात काय आहे हे कुणी विचारत नाही.