मुंबई २८ चं ४०००२८ कसं झालं

पूर्वी दादरच्या नातेवाईकांना पत्र लिहिताना शेवटी 'मुंबई २८' असं लिहायचो. गिरगावला ४, पुण्याच्या सदाशिव पेठेला ३०. हे आकडे मोठ्या शहरांचे. आम्हा म्हसेकरांच्या पत्त्यात आकडा नव्हताच. मु. पो. म्हसा, ता. मुरबाड, जि. ठाणे, एवढं लिहिलं की पत्र येई.

१५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. योजना श्रीराम भिकाजी वेलणकरांची. पोस्ट-तार खात्यातले मोठे अधिकारी, आणि संस्कृत कवी! एकाच नावाची गावं देशभर पुष्कळ, पत्ते नाना भाषांत आणि लिप्यांत. हा घोळ सहा आकड्यांनी मिटवायचा होता. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपाल-छाननीच्या जिल्ह्याचा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे.

मला कौतुक वाटतं ते जुन्या आकड्यांचं काय केलं याचं. मुंबई २८ चं ४०००२८ झालं, पुणे ३० चं ४११०३०. जुना आकडा नव्याच्या पोटात तसाच राहिला. सवयीने कुणी नुसतं 'मुंबई २८' लिहिलं तरी छाननी करणाऱ्याला अर्थ लागे. पिनकोड मुळीच नसला तरी गाव-तालुका वाचून पत्र पुढे सरके.

माझा भाचा संगणकाच्या जाळ्यांचं काम करतो. तो म्हणतो, इंटरनेटवरची माहितीसुद्धा छोट्या छोट्या पाकिटांतूनच जाते आणि वाटेतलं प्रत्येक यंत्र वरचा पत्ता वाचतं. १९८१ साली ठरलेल्या चौथ्या आवृत्तीत पत्त्याला ३२ बिट, म्हणजे जेमतेम ४३० कोटी पत्ते. ते पुरणार नाहीत हे दिसल्यावर १९९८ साली १२८ बिटांची सहावी आवृत्ती प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. पाकिटाचे पहिले चार बिट आवृत्ती सांगतात, ते दोन्हीकडे सारखे. पण त्यापुढची मांडणी जुन्या यंत्राला वाचताच येत नाही. त्यामुळे आजही दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी चालवाव्या लागतात. अर्थात वेलणकरांचं काम तेवढ्यापुरतं सोपं होतं. त्यांची पाकिटं माणसं वाचत होती, आणि माणूस अंदाज बांधतो.

एकदा दिलेला आकडा हलवायचा नाही, याची किंमतही असते. मुरबाड ४२१४०१, शहापूर ४२१६०१, पण जिल्ह्याचं ठाणे शहर मात्र ४००६०१, मुंबईच्या पंगतीत! शाळेतल्या मुलाला हे समजावणं कठीण. पण १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा पालघरचा ४०१४०४ तसाच राहिला. पाकिटावरचा जिल्हा बदलला, आकडा नाही.

मे २०२५ मध्ये पोस्टाने डिजिपिन आणला. सुमारे ४ मीटर लांब-रुंद चौकोनाला एक, असा दहा खुणांचा पत्ता. पिनकोड रद्द नाही, हा त्याच्या जोडीला. एका पिनकोडात कितीतरी गावं येतात आणि आमच्याकडच्या पाड्यांवर घराला ना क्रमांक ना गल्ली. तिथे याचा खरा उपयोग. अडचण एकच दिसते. पिनकोड ४२१४०१ असा मराठी आकड्यांत लिहिला तरी आमच्याकडे पत्र पोचतं. डिजिपिनमध्ये आकड्यांबरोबर रोमन अक्षरं आहेत. पाड्यावरच्या ज्या आजीला फक्त मराठी लिहिता येतं, तिला स्वतःच्या घराचा पत्ता दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागेल.