कोठारापुढची शाळा

आपल्या गटांत आता पोरींच्या शिक्षणाची गोष्ट निघाली की बारावीपाशी थांबत नाही. कुणाची पोरगी नर्सिंगला आहे, कुणाची पुण्यात. मोहाडीकडच्या एका विणकर घरातली मुलगी कापडाचे डिझाइन शिकायला परदेशी जायचे म्हणते. युरोप-अमेरिकेत नव्हे, आपल्याच आशियातल्या एखाद्या शहरात. तिच्या आईने आम्हाला विचारले, "तिथं पहिले आठ दिवस पोरीचे कसे जातील? खाईल काय, बोलेल कुणाशी?" उत्तर शोधता शोधता आम्ही सव्वाशे वर्षे मागे गेलो. म्हणून आजची ही जुनी गोष्ट.

जपानची राजधानी टोकियो. तिथे सुमिदा नदीच्या काठी कुरामाए नावाचा भाग आहे. या नावाचा अर्थ 'कोठारांच्या पुढची जागा'. सरकारी तांदळाची कोठारे तिथे होती. आपल्यासारख्या धानाच्या मुलखातल्या बायांना हे नाव समजावून सांगायला नको! या कुरामाएत १८८१ साली सरकारने हुन्नर शिकवणारी शाळा काढली. १९०१ पासून तिचे नाव टोकियो उच्च तंत्रशाळा असे झाले. रंगकाम, विणकाम, चिनी मातीची भांडी, यंत्रे असे विषय तिथे होते. आणि १८९९ साली तिथे नक्षी आखण्याचा, म्हणजे आजच्या भाषेत डिझाइनचा, वेगळा विभाग सुरू झाला. लुगड्याचा काठ कसा असावा, ताटलीवर फूल कुठे बसावे, हे आखायला ही सरकारी शाळा शिकवत होती.

१९०५ साली जपानने रशियाला लढाईत हरवले. बंगालमध्ये आणि आपल्याकडे स्वदेशीची चळवळ पेटली. मग हिंदुस्थानातली तरुण पोरे डझनांनी टोकियोकडे निघाली. विलायतेपेक्षा खर्च कमी, आणि शिकवणाराही गोरा साहेब नाही. मुंबईहून जपानला थेट बोट १८९३ सालीच सुरू झालेली होती. ती कशासाठी? तर कापसाच्या गाठी न्यायला. कापूस जायचा, त्याचे सूत आणि कापड होऊन परत आपल्याच बाजारात यायचे. आता त्याच वाटेने पोरे निघाली. कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करत पोचायला महिनाभर लागे. घरचे लोक रडत असतील ते निराळेच. समुद्र ओलांडला म्हणून परत आल्यावर जातवाले प्रायश्चित्त मागत, ही धास्ती शिदोरीसारखी बरोबर असायची.

आणि ते पहिले दिवस? दारातच जोडे काढायचे, हे आपल्यासारखेच. पण घरात खाट नाही, खुर्ची नाही. गवताच्या घट्ट चटया अंथरलेल्या, त्यावर गुडघे मोडून बसायचे, रात्री तिथेच गादी पसरायची आणि सकाळी ती गुंडाळून कपाटात ठेवायची. थंडीला शेगडीतले कोळसे तेवढे. भात मिळे, त्यामुळे उपाशी कुणी मरत नसे. पण तो दोन काड्यांनी उचलायचा आणि शेजारचे सार मासळीच्या पाण्यात उकळलेले. मांसाहार न करणाऱ्याने नुसत्या भाजीचे सार मागितले तरी त्यात मासळी निघायची. आपल्या पोरींनाही हीच अडचण आधी येईल, तेव्हा आईने लोणच्याची बरणी बांधून द्यावी हे बरे.

खरी अडचण भाषेची होती. वर्गात सगळे जपानीतून. इंग्रजी शिकून गेलेल्या पोरांना वाटले होते की इंग्रजीवर भागेल. तिथे गेल्यावर कळले की आधी जपानी शिका, मग शाळेत बसा. त्यात वेळ जाई आणि पैसाही जाई. त्याहून टोचणारी गोष्ट पुढे होती. शाळेत शिकवत, पण कारखान्याचे दार उघडत नसत. आज शिकून गेलेला उद्या आपला माल विकत घेणार नाही, हे कारखानदाराला कळत होते. तेव्हाच्या विद्यार्थ्यांची ही तक्रार आम्हाला खरी वाटते. कारागीर आपली खुबी सहज सांगत नाही. आपल्याकडचे तरी कुठे सांगतात?

यातले एक नाव महाराष्ट्राला जवळचे आहे, ईश्वरदास वार्ष्णेय. माणूस उत्तरेकडचा. जपानात काचकाम शिकला, पुढे अमेरिकेत जाऊन शिकला. इकडे अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसा फंड' काढला होता. दर माणशी वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी धंदे उभारायचे. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. या पैशांतून १९०८ साली पुण्याजवळच्या तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला आणि वार्ष्णेय तिथे आले. त्याच वर्षी टिळकांना काळ्या पाण्यासारखी मंडालेची शिक्षा झाली, तरी भट्टी विझली नाही. कंदिलाच्या काचा फुंकायला शिकलेली पोरे तिथून देशभरच्या कारखान्यांत गेली. आपल्या बचत गटासारखाच हा हिशेब, थेंबाथेंबाचा. त्या पैशांत कित्येक बायांच्या गाठीचा पैसा असणार, असे आम्हाला वाटते. पावतीवर नाव मात्र घरधन्याचे.

कारण बोटीवर चढलेली ही बहुतेक पोरेच होती. पोरींसाठी टोकियोहून आले ते एक पुस्तक. तिथे १९०१ साली बायांसाठी वेगळे विद्यापीठ निघाले होते. त्याची माहिती देणारी पुस्तिका टपालाने धोंडो केशव कर्वे यांच्याकडे आली. त्यांनी चाळली आणि बाजूला ठेवली. पुढे १९१५ च्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले तेव्हा भाषणाच्या तयारीत ती पुन्हा हाती लागली, आणि या वेळी त्यांनी ती नीट वाचली. १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ सुरू झाले. पहिल्या वर्गात विद्यार्थिनी पाच! शिक्षण मातृभाषेतून. जपानीतून शिकणाऱ्या जपानी बायांकडे पाहून मराठीची हिंमत झाली, असे आम्ही म्हणू. सत्तरी ओलांडल्यावर जगाच्या फेरीत अण्णा स्वतः जपानलाही जाऊन आले.

कुरामाएचा तो नक्षीचा विभाग १९१४ साली बंद झाला. १९२३ च्या भूकंपात आणि आगीत शाळेच्या इमारतीही गेल्या आणि शाळा दुसरीकडे हलली. आपल्या देशात राष्ट्रीय डिझाइन संस्था अहमदाबादला निघाली ती १९६१ साली.

तोवर आपल्या आंधळगाव-मोहाडीच्या मागांवर काय चालले होते? ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर कोसा वाढवत होते, कोष्टी विणत होते. अंगाला कोशाचा रंग, काठाला दुसरा रंग, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे करवतीचे दाते. तीन धोटे वापरून काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवत न्यायचा, एक ओळ चुकली की दाता मोडतो. हे आखायला कागद नव्हता. बाईने कांडी भरून द्यायची, माणसाने मागावर बसायचे, पोराने बघत बघत शिकायचे. आता या करवतकाठी साडीला सरकारी भौगोलिक मानांकन आहे. पण ते दाते पहिल्यांदा कुणी आखले, हे कुठेही लिहिलेले नाही. टोकियोतल्या विभागात शिकणाऱ्याचे नाव निदान हजेरीपटात तरी असे.

मोहाडीच्या त्या आईला आम्ही एवढेच सुचवले की पोरीच्या पेटीत करवतकाठाचा हातभर तुकडा टाक, आणि तो कुणी विणला, कांडी कुणी भरली, ही दोन्ही नावे चिठ्ठीवर लिहून त्याला टाचून दे. तुमच्याही घरी आजीची जुनी करवतकाठी असेल तर विणणाऱ्याचे नाव माहीत आहे तोवर लिहून काढा, आणि ते आम्हालाही कळवा. पुढच्या भागात ती नावे आम्ही रेडिओवर वाचून दाखवू.