चौदा रात्री की पंधरा दिवस?

शाळेत एखादे इंग्रजी परिपत्रक येते. अमुक माहिती ‘विदिन अ फोर्टनाइट’ पाठवावी, असे त्यात म्हटलेले असते. शिक्षकांच्या खोलीत लगेच चर्चा सुरू होते. एक जण म्हणतो, फोर्टनाइट म्हणजे पंधरवडा, तेव्हा पंधरा दिवस. दुसरा शब्दकोश उघडून चौदा दिवस दाखवतो. तिसऱ्याची शंका आणखी वेगळी असते: परिपत्रक हाती पडले तो दिवस धरायचा की सोडायचा? प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण मुदतीच्या जागी भाडे, मजुरी किंवा शिक्षा ठेवून पाहा, म्हणजे एका दिवसाची किंमत कळेल. इंग्रजीतल्या कालवाचक शब्दांचा इतिहास पाहताना आम्हांला ही किंमत जागोजाग दिसली. कोणत्याही कालावधीची लांबी शब्दाने ठरत नाही. ती माणसे आपापल्या गरजेनुसार ठरवतात, आणि गरज बदलली की शब्द तोच राहून लांबी बदलते. याची काही उदाहरणे आपण पाहू.

आरंभ ‘फोर्टनाइट’पासूनच करू. जुन्या इंग्रजीतील ‘चौदा रात्री’ या अर्थाच्या शब्दांचे हे आखूड झालेले रूप आहे. सात रात्रींसाठी ‘सेनाइट’ असाही शब्द होता आणि १९ व्या शतकाच्या आरंभीच्या कादंबऱ्यांतही तो आढळतो. पुढे ‘वीक’ने त्याची जागा घेतली. पण दिवस सोडून रात्री का मोजायच्या? रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ९८ च्या सुमारास जर्मन टोळ्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. हे लोक दिवसांऐवजी रात्री मोजतात, अशी नोंद त्यात आहे. इंग्रजी भाषा ब्रिटनमध्ये नेणारे अँगल व सॅक्सन लोक याच जर्मन गटातले. चंद्राच्या कलांवरून काळ मोजणाऱ्यांना रात्र मोजणेच सोयीचे असते. हे लोक वर्षेही हिवाळ्यांनी मोजत. माणूस अमुक इतके हिवाळे जगला, असे म्हणत. ज्यातून निभावून जायचे ते मोजले जाई, असे म्हणायला हरकत नाही.

आता आपल्या ‘आठवडा’ या शब्दाकडे पाहा. दिवस सात आणि शब्दात मात्र आठ! यात चूक कोणाचीच नाही. या सोमवारच्या बाजारापासून पुढच्या सोमवारच्या बाजारापर्यंत बोटे मोडली, तर दोन्ही सोमवार धरून आठ बोटे मोडतात. फ्रेंच लोकही आठवड्याला ‘आठ दिवस’ आणि दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’ म्हणतात. प्राचीन रोममध्ये दर आठ दिवसांनी बाजार भरे आणि त्याच्या नावात मात्र ‘नऊ’ होते. गणिताच्या तासाला आपण खांब आणि त्यांमधील अंतरांचे उदाहरण घालतो. सात अंतरांना आठ खांब लागतात. आठवडा म्हणणाऱ्याने खांब मोजले, चौदा रात्री म्हणणाऱ्याने अंतरे मोजली. परिपत्रकावरून झालेल्या वादाचे मूळ इथे आहे.

मोजणीची टोके धरायची की नाहीत, यावर माणसाचे आयुष्यही अवलंबून असू शकते. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ‘अ इयर अँड अ डे’, म्हणजे एक वर्ष आणि एक दिवस, अशी मुदत कायद्यात वारंवार येई. जमीनदाराच्या मालकीचा भूदास पळून सनद मिळालेल्या शहरात गेला, तिथल्या नागरिकांत सामील झाला आणि एक वर्ष व एक दिवस मालकाने त्याच्यावर हक्क सांगितला नाही, तर तो स्वतंत्र माणूस ठरे. १२ व्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या इंग्लिश कायद्यावरील ग्रंथात हा नियम आलेला आहे. वर्षापुढचा तो एक दिवस कशासाठी? पहिला दिवस धरा की सोडा, एक दिवस वाढवून घेतला की पूर्ण वर्ष उलटले याबद्दल वाद उरत नाही. हा जादा दिवस म्हणजे मोजणीतल्या संदिग्धतेवरचा उतारा होता.

हाच वाक्प्रयोग खुनाच्या कायद्यातही होता. जखमी माणूस घाव बसल्यापासून एक वर्ष व एक दिवसाच्या आत मेला, तरच मारणाऱ्यावर खुनाचा आरोप ठेवता येई. त्यानंतर आलेल्या मृत्यूचे कारण तोच घाव होता, हे सिद्ध करणे त्या काळच्या वैद्यकाला अवघड होते. कृत्रिम श्वसनयंत्रांवर रुग्णाला दीर्घकाळ जगवता येऊ लागले आणि मृत्यूचे कारणही नेमके सांगता येऊ लागले, तेव्हा ही मर्यादा निरर्थक ठरली. ब्रिटिश संसदेने १९९६ मध्ये कायदा करून ती काढून टाकली. एका कालवाचक शब्दसमूहाला विज्ञानाने असे निवृत्त केले.

‘मंथ’ची कथा याहून मजेदार आहे. हा शब्द ‘मून’ म्हणजे चंद्राशी नाते सांगतो. इंग्लिश न्यायालयांच्या जुन्या प्रथेनुसार वेगळे सांगितले नसेल तर महिना म्हणजे चांद्रमास, आणि तोही सोयीसाठी नेमका २८ दिवसांचा धरत. याचा परिणाम काय होई, हे विल्यम ब्लॅकस्टन या कायदेपंडिताने १८ व्या शतकात स्पष्ट करून ठेवले आहे. घर ‘ट्वेल्व्ह मंथ्स’साठी भाड्याने दिले, तर तो करार फक्त ४८ आठवड्यांचा. पण ‘अ ट्वेल्व्हमंथ’ असे एकवचनी लिहिले, तर मात्र पूर्ण वर्षाचा! हिशेब करून पाहू. ४८ आठवडे म्हणजे ३३६ दिवस. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ते वजा केले तर उरतात २९. शब्दाच्या शेवटी एक ‘एस’ लागला की भाडेकरूच्या डोक्यावरचे छप्पर २९ दिवस आधी जाणार. १८५० मध्ये ब्रिटिश संसदेने ठरवले, की यापुढे कायद्यांत ‘मंथ’ म्हणजे दिनदर्शिकेतील महिना समजावा. खाजगी करारांना हा नियम सर्वसाधारणपणे लागू व्हायला १९२५ साल उजाडले.

इंग्रजांबरोबर त्यांचे शब्द आपल्या कायद्यांत आले आणि शब्दांबरोबर हे घोळही येऊ शकले असते. म्हणून १८९७ च्या ‘जनरल क्लॉजेस अॅक्ट’मध्ये ‘मंथ’ आणि ‘इयर’ हे ब्रिटिश दिनदर्शिकेप्रमाणे मोजावेत, अशी व्याख्या दिली गेली. टोकांचा प्रश्नही तिथेच सोडवला आहे. कायद्यात ‘फ्रॉम’ म्हटले तर मालिकेतला पहिला दिवस सोडायचा आणि ‘टू’ म्हटले तर शेवटचा धरायचा. आठवणीत ठेवण्याजोगा नियम आहे हा.

आतापर्यंत मोठ्या कालावधींचे पाहिले. लहान कालावधींत तर शब्दांनी आपापसांत जागाच बदलल्या. उत्तर इंग्लंडमधील जॅरोच्या मठात बीड नावाचा विद्वान साधू राहत होता (आपल्या जिल्ह्याशी असलेले नामसाधर्म्य योगायोगाचे!). इ. स. ७२५ मध्ये त्याने कालगणनेवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. त्यात एका तासाचे ४० ‘मोमेंट’ आणि १० ‘मिनिट’ असे भाग सांगितले आहेत. म्हणजे आजच्या हिशेबाने एक मोमेंट दीड मिनिटाचा आणि एक मिनिट सहा मिनिटांचे! शिवाय तेव्हाचा तास स्थिर नव्हता. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे बारा भाग म्हणजे बारा तास. लंडनमध्ये डिसेंबरात दिवस सुमारे ७ तास ५० मिनिटांचा आणि जूनमध्ये सुमारे १६ तास ४० मिनिटांचा असतो. त्यामुळे दिवसाचा तास हिवाळ्यात सुमारे ३९ मिनिटांचा, तर उन्हाळ्यात सुमारे ८३ मिनिटांचा होई. मोमेंटही त्याच प्रमाणात एका मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंत ताणला जाई. या तासांची एक खूण इंग्रजीत अजून शिल्लक आहे. ‘नून’ हा शब्द लॅटिनमधील ‘नववा तास’ यावरून आला. तो मुळात दुपारी तीनच्या सुमाराचा. त्या वेळची प्रार्थना हळूहळू अलीकडे सरकली आणि १४ व्या शतकापर्यंत ‘नून’ मध्यान्हीवर येऊन बसला. नाव नऊचे, वेळ बाराची!

१३ व्या शतकाच्या अखेरीस युरोपात यांत्रिक घड्याळे आली. त्यांतली बरीचशी फक्त ठोके देत. ‘क्लॉक’ शब्दाचा मूळ अर्थच घंटा. आपला ‘तास’ही मुळात ठोके देण्याच्या धातूच्या थाळीचे नाव आहे. दहा वाजले म्हणताना इंग्रज ‘टेन ओक्लॉक’ म्हणतो, म्हणजे ‘घड्याळाचे दहा’. सूर्याचे नव्हेत, असा त्यात खुलासा आहे. यंत्राचे चाक ऋतू पाहून वेग बदलत नाही, म्हणून तास सगळे सारखे झाले.

मग मिनिट आणि सेकंद नेमके कसे झाले? बाबिलोनियन लोकांची ६० ची पद्धत ग्रीक ज्योतिर्विदांनी उचलली. अंशाच्या साठाव्या भागाला लॅटिनमध्ये ‘पहिला बारीक भाग’ म्हटले गेले आणि त्याच्या साठाव्या भागाला ‘दुसरा बारीक भाग’. ‘बारीक’साठी शब्द होता ‘मिनुटा’ आणि ‘दुसरा’साठी ‘सेकुंडा’. ज्योतिर्विद हीच विभागणी तासालाही लावत, पण ती कागदावरच राहिली. १६५६ मध्ये ख्रिस्तियान हायगेन्सने लंबकाचे घड्याळ तयार केले आणि घड्याळाची दिवसाची चूक सुमारे १५ मिनिटांवरून १५ सेकंदांच्या आसपास आली. त्यानंतर मिनिटकाटा सर्रास दिसू लागला. ‘बारीक’ आणि ‘दुसरा’ असे अर्थ असलेले साधे शब्द काटेकोर एकके बनले. १९६७ पासून तर सेकंदाची व्याख्या सिझियम अणूच्या प्रारणाच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांना लागणारा काळ अशी आहे. आणि कधीकाळी तासाचा चाळिसावा भाग असलेला ‘मोमेंट’? त्याच्या नशिबी ‘जरा थांबा’ एवढाच अर्थ उरला. मूळ लॅटिनमध्ये त्याचा संबंध हालचालीशी होता. भौतिकशास्त्रातल्या ‘मोमेंटम’ या संज्ञेत तो अजून काटेकोरपणे नांदतो आहे.

शेवटी पुन्हा फोर्टनाइट. भारतातील बँकांना ठेवींचा हिशेब दर फोर्टनाइटला करावा लागतो. कायद्याने त्याची व्याख्या शनिवारपासून त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारपर्यंत, दोन्ही दिवस धरून, अशी केलेली होती. म्हणजे नेमके चौदा दिवस. २०२५ मध्ये संसदेने बँकिंग कायद्यांत दुरुस्ती केली आणि महिन्याची १ ते १५ तारीख किंवा १६ पासून महिनाअखेर, अशी नवी व्याख्या दिली. तिच्यानुसार दुसरा फोर्टनाइट फेब्रुवारीत १३ किंवा १४, काही महिन्यांत १५, तर काही महिन्यांत १६ दिवसांचा भरतो. शब्दात अजून चौदा रात्रीच आहेत.

हा विषय वर्गात सहज घेता येईल. विद्यार्थ्यांना घरून मुदत लिहिलेली चार-पाच कागदपत्रे पाहून यायला सांगावे: वीजबिल, भाडेकरार, वाचनालयाची पावती, औषधाची चिठ्ठी. प्रत्येकात पहिला दिवस धरला आहे का, शेवटचा धरला आहे का आणि महिना किती दिवसांचा मानला आहे, हे त्यांनी शोधावे. एका दिवसाच्या फरकाने कोणाचे किती नुकसान होईल, तेही मांडावे. गणित, भाषा आणि नागरिकशास्त्र या तिन्ही विषयांच्या शिक्षकांना या तासाला एकत्र बसता येईल. आणि परिपत्रकाचे काय करायचे? कार्यालयाला नेमकी तारीख विचारून घ्यावी, हे उत्तम.