कासवांना वकील मिळाले

२००६ सालच्या मार्च महिन्यात कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात ‘अद्वैत’ नावाचे एक कासव मेले. वजन सुमारे अडीचशे किलो. कधीकाळी ते रॉबर्ट क्लाइव्हच्या बागेत होते, त्याचे वय अडीचशे वर्षांचे होते, असे सांगत. वयाची गोष्ट खरी धरा किंवा सोडून द्या. त्याचे कूळ मात्र पक्के ठाऊक होते. हिंदी महासागरात, मादागास्करच्या वायव्येला चारशेहून अधिक किलोमीटरवर अल्डाब्रा नावाचे प्रवाळबेट आहे, तिथल्या महाकाय कासवांपैकी ते एक.

अल्डाब्रा हे एक बेट नव्हे. कंकणासारखी गोलाकार मांडलेली चार मोठी बेटे आणि मध्ये उथळ खाजण, अशी त्याची रचना आहे. लांबी चौतीस किलोमीटर, रुंदी साडेचौदा. चारांतल्या एका बेटाचे नाव चक्क मलबार! आज ही बेटे सेशेल्स देशाची आहेत. पण त्या देशाची राजधानी तिथून अकराशे किलोमीटरवर. ‘अल्डाब्रा’ हे नाव अरब खलाशांकडून आले असावे, असे मानतात. एका मताप्रमाणे मूळ शब्द ‘अल्-खद्रा’, म्हणजे हिरवी. मदिनेच्या हिरव्या घुमटाला आपल्याकडे ‘गुंबद-ए-खज़रा’ म्हणतात, त्यातला खज़रा तो हाच. खाजणाच्या उथळ पाण्याचा हिरवा रंग वरच्या ढगांच्या पोटावर उमटतो आणि बेट दिसायच्या आधी हिरवा ढग दिसतो. खलाशाने असे नाव ठेवले असेल तर मला ते पटते.

ही बेटे मुळात पोवळ्यांची. समुद्रात बुडालेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर पोवळ्यांचे इवलेसे जीव चुन्याची घरे बांधत गेले, पिढीवर पिढी चढत गेली. आजचा खडक सव्वा लाख वर्षांपूर्वीचा, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा उंच होती तेव्हाचा. पुढे समुद्र उतरला आणि ती पोवळ्यांची भिंत उघडी पडली. पावसाने आणि लाटांनी तिला इतके कुरतडले आहे की त्या खडकावरून चालणे म्हणजे सुऱ्यांवरून चालणे. गोडे पाणी जवळजवळ नाहीच. ओहोटीला खाजण अरुंद खिंडींतून धो धो रिकामे होते आणि तळातून छत्रीच्या आकाराचे खडक वर येतात. माणसाने वस्ती करावी असे इथे काही नव्हते. कासवांचा जीव त्यामुळेच वाचला.

कारण मॉरिशस, रेयुनियन, रॉड्रिग्ज या बेटांवरही अशी कासवे हजारोंनी होती. जहाजे यायची आणि त्यांना जिवंत उचलून तळघरात नेऊन ठेवायची. अन्नपाण्याविना ती कित्येक आठवडे जगत. म्हणजे न नासणारे ताजे मांस. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या तिन्ही बेटांवरची कासवे संपली. अल्डाब्रावर उरली. तिथले कासव खडकाच्या खळग्यात साचलेले चमचाभर पाणीही नाकपुडीने ओढून घेते!

मुळात ती तिथे पोचली तरी कशी? समुद्रावर तरंगत, मादागास्करहून. कुणाला खोटे वाटेल. पण २००४ च्या डिसेंबरमध्ये टांझानियाच्या किनाऱ्यावर असेच एक कासव चालत वर आले. पायांवर समुद्री शिंपले चिकटले होते, अंग वाळून गेले होते, पण जीव होता. अल्डाब्रापासून सातशेहून अधिक किलोमीटर.

त्याहून नवल तिथल्या पाणकोंबडीच्या जातीच्या एका पक्ष्याचे. त्याचे पूर्वज मादागास्करहून उडत आले. बेटावर खाणारे कुणी नाही म्हटल्यावर त्यांनी उडणे सोडले. मग सुमारे एक लाख छत्तीस हजार वर्षांपूर्वी समुद्राने सगळे बेट गिळले आणि न उडणारे ते पक्षी बुडाले. पुढे बेट पुन्हा वर आले, मादागास्करहून तसेच पक्षी पुन्हा आले आणि पुन्हा उडणे विसरले. २०१९ साली शास्त्रज्ञांनी दोन्ही काळांतली हाडे ताडून हे दाखवले. पुढे माणसाबरोबर मांजरे आली आणि सर्वांत मोठ्या बेटावरून हा पक्षी नाहीसा झाला. समुद्राला जे करायला सगळे बेट बुडवावे लागले, ते तिथे मांजरांनी केले.

आता माणसांकडे वळू. १८७४ साली अल्डाब्रावरची तिवरे तोडण्याचा बेत चालला होता. तेव्हा मॉरिशसच्या गव्हर्नरला लंडनहून एक पत्र गेले: कासवांना वाचवा. सह्या करणाऱ्यांत चार्ल्स डार्विन होते. १८९१ साली बेटाचा पट्टा घेतलेल्या जेम्स स्पर्सने कासवे मारायला बंदी केली. हिरव्या समुद्री कासवांना हे भाग्य लाभले नाही. त्यांचे मांस जात राहिले ते थेट १९६८ पर्यंत. त्या वर्षी बंदी आली आणि त्यांची संख्या पुढे कित्येक पटींनी वाढली.

८ नोव्हेंबर १९६५ हा दिवस लक्षात ठेवायचा. त्या दिवशी ब्रिटनने एका आदेशाने नवीच वसाहत जन्माला घातली, ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश. मॉरिशसकडून चागोस द्वीपसमूह घेतला आणि सेशेल्सकडून अल्डाब्रासह तीन बेटे. हेतू लष्करी. अल्डाब्रावर विमानांची धावपट्टी बांधायची होती. रेडिओवर बोलताना हेही सांगितले पाहिजे की बीबीसीलाही तिथे प्रक्षेपण केंद्र हवे होते. १९६६ साली पाहणी करायला माणसे गेली. त्यांच्यासोबत गेलेले शास्त्रज्ञ मात्र हादरून परतले.

मग जे वादळ उठले ते पाहण्यासारखे होते. रॉयल सोसायटी उभी राहिली, अमेरिकेतल्या विज्ञानसंस्था उभ्या राहिल्या. टॅम डॅलिएल या खासदाराने पार्लमेंटमध्ये प्रश्नांची सरबत्ती लावली. फ्रिगेट नावाच्या मोठ्या समुद्रपक्ष्यांची तिथे प्रचंड वसाहत आहे, ते विमानांवर आदळतील, असाही मुद्दा निघाला. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले, खर्चाला कात्री लागली आणि बेत रद्द झाला. कासवे शास्त्रज्ञांनी वाचवली की रिकाम्या तिजोरीने, यावर वाद घालता येईल. माझे मत असे की तिजोरी रिकामी होईपर्यंत शास्त्रज्ञांनी सरकारला अडवून धरले, आणि तेवढे पुरले. १९७६ साली सेशेल्स स्वतंत्र झाला, अल्डाब्रा त्याला परत मिळाले. १९८२ साली ते जागतिक वारसास्थळ झाले. आज तिथे सुमारे एक लाख महाकाय कासवे आहेत आणि संशोधन केंद्रावरची मूठभर माणसे.

२०१९ साली तिथला किनारा साफ करायला स्वयंसेवक गेले. पाच आठवड्यांत पंचवीस टन कचरा काढला. अंदाजे पाचशे टन मागे राहिला. बहुतेक मासेमारीची जाळी आणि दोर, आणि रबरी चपला सुमारे तीन लाख साठ हजार! सेशेल्सच्या किनाऱ्यांवर असा कचरा इंडोनेशियाकडून येतो, तसा भारत आणि श्रीलंकेकडूनही येतो.

त्याच आदेशातल्या चागोसचे काय झाले? त्यातले सर्वांत मोठे बेट डिएगो गार्सिया. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ही बेटे समुद्राखालच्या एकाच रांगेवर आहेत. ज्या तप्त स्थानातून आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ वर आला, त्याच स्थानाने ती रांग उभी केली. म्हणजे आपल्या पायाखालचा दगड आणि डिएगो गार्सियाच्या पोवळ्यांखालचा दगड एका भट्टीतले.

तिथे माणसे होती. मादागास्कर आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे आणि गुलामगिरी बंद झाल्यावर भारतातून नेलेल्या मजुरांचे वंशज. ते नारळ सोलत, खोबरे वाळवत. चर्च होते, कबरस्तान होते. अमेरिकेला डिएगो गार्सियावर तळ हवा होता आणि ब्रिटनला बेटे रिकामी करून द्यायची होती. १९६६ सालच्या लंडनमधल्या सरकारी टिपणांत या लोकांना रॉबिन्सन क्रूसोच्या फ्रायडेची उपमा आहे. समुद्रपक्ष्यांखेरीज तिथे मूळ रहिवासी उरणार नाहीत, आणि पक्ष्यांची अजून समिती नाही, असा विनोदही आहे. गंमत अशी की अल्डाब्राच्या पक्ष्यांसाठी त्याच सुमारास समित्या बसत होत्या.

१९६७ ते १९७३ या काळात दीड-दोन हजार माणसे हलवली गेली. कुणी उपचारांसाठी मॉरिशसला गेले, त्यांना परतीचे जहाज मिळाले नाही. मग धान्य येणे कमी झाले. १९७१ साली लोकांची पाळलेली कुत्री मारण्यात आली. शेवटी उरलेल्यांना जहाजांत भरून मॉरिशस आणि सेशेल्सच्या बंदरांवर उतरवले. त्यांच्यासाठी कोणत्याही विज्ञानसंस्थेने पत्र लिहिले नाही.

२००० साली लंडनच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, २००४ साली सरकारने नव्या आदेशाने तो निष्प्रभ केला, आणि २००८ साली लॉर्ड्सच्या सभागृहात तीन विरुद्ध दोन मतांनी सरकार जिंकले. अद्वैत मेला त्याच्या पुढच्याच महिन्यात, एप्रिल २००६ मध्ये, सुमारे शंभर चागोसवासीयांना काही दिवसांसाठी बेटे पाहू दिली होती. त्यांनी वाडवडिलांच्या कबरी साफ केल्या आणि ते परतले. २०१० साली ब्रिटनने चागोसभोवती विशाल सागरी अभयारण्य जाहीर केले. मासे आणि पोवळ्यांच्या रक्षणाला कोण नाही म्हणेल? पण मासेमारी बंद म्हणजे परतणाऱ्यांची चूलही बंद. २०१५ साली आंतरराष्ट्रीय लवादाने ते अभयारण्य बेकायदा पद्धतीने जाहीर झाल्याचा निर्णय दिला, तर २०१९ साली हेगच्या न्यायालयाने ब्रिटनने बेटांवरचा ताबा सोडावा, असे मत दिले.

२२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी चागोस मॉरिशसकडे सोपवण्याच्या करारावर सह्या केल्या. इतर बेटांवर पुन्हा वस्ती करता येईल, अशी तरतूद त्यात आहे. डिएगो गार्सिया मात्र नव्व्याण्णव वर्षे तळासाठीच राहील, असे त्यात लिहिले आहे.