टॉनिकमधलं कोयनेल

गोऱ्या सोजिरांना हिवताप टाळायला रोज कोयनेल घ्यावं लागे, ते घशाखाली उतरेना म्हणून त्यांनी त्यात साखर, सोडा आणि शेवटी जिन ओतली, अशी जिन-टॉनिकची जन्मकथा सांगतात. कथा झकास आहे, पण फार विश्वास ठेवण्याजोगी नाही.

कोयनेल निघतं सिंकोनाच्या सालीतून. झाड अँडीजच्या डोंगरांतलं. सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांमुळे साल युरोपात पोचली. १८२० मध्ये पॅरिसमध्ये पेलतिए आणि काव्हांतू यांनी तिच्यातलं कडू सत्त्व वेगळं काढलं. इंग्रजांनी पुढे निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे सिंकोनाचे मळे उभे केले. महाबळेश्वरच्या लिंगमळ्यालाही सरकारी लागवड झाली होती, ती टिकली नाही. आता तिथे लोक धबधबा बघायला जातात.

टॉनिक वॉटर मात्र पलटणीत जन्मलं नाही. १८५८ मध्ये लंडनच्या इरॅस्मस बाँडने कोयनेल घातलेल्या फसफसत्या पाण्याचं पेटंट घेतलं आणि ते पाचक, शक्तिवर्धक म्हणून विकलं. १८७० च्या दशकात श्वेप्सने आपल्या बाटलीवर ‘इंडियन’ हा शब्द चढवला. हिंदुस्थानात जिन-टॉनिकचा फार जुना छापील उल्लेख १८६८ च्या ‘ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन’मध्ये सापडतो, तोही घोड्यांच्या शर्यतीच्या गर्दीतला. म्हणजे मंडळी तापाने फणफणलेली नव्हती, मजेत होती!

आजच्या टॉनिकचं तर विचारूच नका. अमेरिकेत लिटरला सुमारे ८३ मिलिग्रॅमच कोयनेल चालतं. हिवतापावरचा मोठ्या माणसाचा डोस त्यातून भरून काढायचा, तर दिवसाला वीसएक लिटर रिचवावं लागेल.

तेव्हा टॉनिक निवडायचं ते चवीसाठी. पेल्यात जिनच्या दुप्पट-तिप्पट तेच असतं, त्यामुळे महागड्या जिनवर स्वस्त गोडमिट्ट टॉनिक ओतणं मला तरी पटत नाही. लेबलावर साखर बघावी, आणि क्विनाइनचा, म्हणजे कोयनेलचाच, उल्लेख आहे ना तेही. मोठी बाटली घेऊ नये. दुसऱ्या पेल्यापर्यंत तिचा जीव गेलेला असतो. जुनिपरचा दणका असलेली लंडन ड्राय जिन कडवट टॉनिकला पुरून उरते. गोव्यात हल्ली बनणाऱ्या जिनमध्ये मसाले, लिंबूवर्गीय साली असतात. तिथे फुलांचे, काकडीचे वास घातलेलं टॉनिक नको, साधं बरं.